हुंकार कापलेली गोष्ट

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आई गेली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाई तिच्याजवळ होत्या.

बाई म्हणजे आईला सांभाळणाऱ्या. दोन वर्षं त्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आमच्याकडे असायच्या. झाबुआच्या बाजूच्या, भिलाला या आदिवासी समाजाच्या, वयाने माझ्याएवढ्याच, म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी नको म्हटलं आहे. आई त्यांना बाई म्हणायची. त्या आईला आईजी म्हणायच्या आणि मला दीदी. त्यांची हिंदी इकडच्या वळणाची, पहलेला पेले आणि नहींला नी. त्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "दीदी, पेले गॅस बंद करो." मी गॅस बंद केला. मग त्या म्हणाल्या, "आईजी गए."

तेरावा झाल्यावर बाई विजय नगरला एका फ्लॅटमध्ये कामाला लागल्या. तिथेही एक आजारी अम्मा आहेत. मी कॉलेजच्या लायब्ररीत परत जाऊ लागले. इंदूरला मल्हारगंजातलं आमचं घर दुकानांच्या वर आहे, खाली दिवसभर हातगाड्या आणि स्कूटरचे हॉर्न, त्यामुळे घर शांत झालं असं म्हणता येणार नाही. पण सकाळी साडेपाचला माझे डोळे उघडायचे ते उघडायचेच. दोन वर्षं मी साडेपाचला उठून आईची कूस बदलत होते, तिचं अंग पुसत होते, थायरॉईडची गोळी देत होते. आता ती सवय राहिली होती आणि काम राहिलं नव्हतं. मी उठून खुर्चीत बसायचे. उजाडलं की कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची आणि मी डबे घेऊन खाली जायचे. दिवसाची सुरुवात तेवढीच.

आमच्या कॉलेजात नाशिकहून आलेल्या एक इंग्रजीच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी मला एका ऑनलाइन कोर्सची लिंक पाठवली. कॅनडातल्या एका विद्यापीठाचा कोर्स, विषय मूळनिवासी आणि बाहेरून येऊन वसलेले लोक यांच्या गोष्टी सांगण्याच्या पद्धती. "तुम्ही एवढं वाचता, तुम्हाला आवडेल," त्या म्हणाल्या. मला विषयाचं फारसं काही वाटलं नाही. वर्गाची वेळ मात्र मी दोनदा वाचली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची सकाळ, साडेसहा ते आठ, आठवड्यातून दोनदा. मी त्या वेळेसाठी फॉर्म भरला. वेळेसाठी कोर्स करणारी मी एकटीच असेन.

पहिला वर्ग जानेवारीत झाला. बाहेर अजून अंधार होता. मी शाल गुंडाळून लॅपटॉपसमोर बसले. स्क्रीनवर वीस-बावीस चौकोन, त्यातले निम्मे काळे. शिकवणाऱ्या बाई स्वतः तिथल्या एका मूळनिवासी समाजाच्या, केस पांढरे, बोलणं सावकाश. त्यांनी सांगितलं की प्रत्येकाने नाव सांगण्याआधी आपण कुणाच्या जमिनीवर राहतो आणि आपले लोक तिथे कसे आले ते सांगायचं.

बाकीचे भराभर सांगत गेले. त्यांना सवय असावी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले की मी इंदूरला राहते, माझे पणजोबा संस्थानच्या काळात सातारच्या बाजूने इथे दप्तरात कारकून म्हणून आले. आजोबा कापडाच्या गिरणीत हिशेबनीस होते. घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी. इथे आधी कोण होतं, असं त्यांनी विचारलं. मी मग म्हणाले, माळव्यातले शेतकरी होते, आणि त्यांच्याही आधी, डोंगराकडे, भिल्ल, भिलाला. "त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही ओळखता का?" मी म्हणाले, "हो. माझ्या आईला सांभाळणाऱ्या बाई." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या चौकोनाकडे वळल्या. मला वाटलं आपलं उत्तर बरं झालं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्याआधी म्हणाल्या की त्यांच्या घरी काही गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात, आणि आज बाहेर बर्फ आहे म्हणून सांगते. सगळ्यांचे माइक बंद होते. त्या बोलत होत्या आणि बावीस चौकोन गप्प होते. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माझ्या तोंडून "हूं" निघालं. ऐकलं कुणीच नाही.

आमच्या घरात हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे जात नसे. आईचा तो नियम होता. लहानपणी मी हूं म्हणायला विसरले की ती थांबायची आणि पदराने चष्मा पुसत बसायची, किंवा उठून गवार मोडायला घ्यायची. "भिंतीला सांगू का?" म्हणायची. श्रावणात कहाणी सांगतानाही मुठीत अक्षता धरून कुणीतरी समोर बसलेलं लागायचं. कुणी नसेल तर ती शेजारच्या जैन काकूंना हाक मारायची. काकूंना मराठी येत नव्हतं, पण त्या हूं म्हणायला यायच्या.

दुसऱ्या आठवड्यात काम मिळालं. घरातली एक गोष्ट निवडा, फेब्रुवारीअखेर वर्गात दहा मिनिटांत सांगा किंवा ऐकवा. सोबत तिची साखळी लिहून द्या, म्हणजे तुम्ही ती कुणाकडून ऐकली, त्या व्यक्तीने कुणाकडून, आणि पुढे सांगायला कुणाची हरकत नाही ना.

मला निवडायची गरजच पडली नाही. माझ्या फोनमध्ये आईच्या आवाजात एक गोष्ट होती. मला एवढंच हवं होतं की ती तिथे वाजावी. आईला ज्यांनी कधी पाहिलं नाही, अशा वीस माणसांनी सात मिनिटं दुसरं काही न करता तिचं ऐकावं. कोर्समधून मला तेवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं. आई गेल्यापासून मी दुसरं काही मागितलेलं आठवत नाही.

ती गोष्ट मी एका रविवारी दुपारी रेकॉर्ड केली होती, आई जाण्याच्या दोन महिने आधी. त्या दिवसांत मी संध्याकाळी घरी आले की ती म्हणायची, "आज एक गोष्ट आठवली." मग दोन-चार वाक्यं सांगायची आणि थकायची. मला वाटायचं तिच्या देवासच्या बालपणातलं काहीतरी वर येतंय. म्हणून त्या रविवारी मी फोन उशीशी ठेवला. बाई पायाशी बसून तिच्या टाचांना तेल लावत होत्या.

"बाई, मी सांगते, तू हूं म्हण," आई म्हणाली.

"दिन में कहानी, आईजी? दिन में बोलो तो मामा रास्ता भूल जाता है."

माझ्याकडे हात करून आई म्हणाली, "हिचा मामा वीस वर्षांपासून रस्ता भुललेलाच आहे. तू हूं म्हण."

बाई खूप हसल्या. मग गोष्ट सुरू झाली. एका पाड्यावरचे सगळे विस्तव विझतात. एका मुलीला मडकं देऊन नदीपलीकडे विस्तव आणायला पाठवतात. येताना नदीला पूर. नदी वाट द्यायला तयार आहे, पण प्रत्येक पावलाला काहीतरी मागते. मुलगी आधी पायातली कडी देते, मग केस देते, शेवटी नाव देते. विस्तव घेऊन ती पाड्यावर पोचते, पण तिला हाक मारायला कुणाकडे नाव नसतं. तेवढ्यात एका घरातून तिची आई बाहेर येते आणि म्हणते, "आलीस का गं? आधी हात शेक." तिथे गोष्ट संपते. सगळी मिळून अकरा मिनिटं.

तेराव्याला मामेभावाचा पुण्याहून फोन आला. मामांना बहिणीचा आवाज ऐकायचा होता. मी रेकॉर्डिंग पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, मधेमधे त्या बाई हूं हूं करतायत ना, ते बाबांना कानाच्या मशीनमधून टोचतं. ते काढता येईल का? आणि सुरुवातीचं ते मामा रस्ता भुलल्याचं, ते पण." त्याचं बोलणं वावगं नव्हतं. मामांचं वय पंच्याऐंशी. मी रविवारी बसले आणि फोनवरच्या एका ॲपमध्ये एकेक हूं कापलं. काम सोपं होतं, फक्त वेळ लागला. सुरुवातीचं मिनिटभर कापलं, हसणं कापलं, मधले थांबे कापले. गोष्ट सात मिनिटांची झाली. ॲपने विचारलं, जुनी फाइल बदलू का? मी हो म्हटलं. मामांना पाठवलेली जुनी फाइल मामेभावाने आधीच काढून टाकली होती, मीही चॅटमधली माझ्याकडची पुसली. मला तेव्हा ती नीटनेटकी झाली असं वाटलं होतं. लायब्ररीत पंचवीस वर्षं मी पुस्तकांवरचे पेन्सिलचे शेरे खोडत आले आहे.

साखळी लिहायला बसले तेव्हा पहिली ओळ सहज झाली. मी आईकडून ऐकली. दुसरी ओळ, आईने कुणाकडून? मी लिहिलं, बहुधा तिच्या आजीकडून, देवासला. 'बहुधा' हा शब्द शिकवणाऱ्या बाईंना आवडणार नाही असं वाटलं, म्हणून काही धागा सापडतो का ते बघायला मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. तोवर मी ते शंभरदा तरी ऐकलं असेल, पण आवाजासाठी. गोष्टीसाठी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाला आई म्हणते, "मग ती नदीला म्हणाली." लगेच म्हणते, "हो हो, तेच ते, नदी म्हणाली." त्या 'हो हो'च्या खाली दुसरा आवाज आहे. दोन आवाज एकावर एक आले होते, म्हणून तिथे मला कापता आलं नव्हतं. मी आवाज पूर्ण वाढवला. बाई म्हणत होत्या, "नी आईजी, पेले नदी ने बोला, नदी ने."

मी हेडफोन काढून ठेवले. खाली दुकानाचं शटर वर गेलं. ऐकणारी व्यक्ती सांगणाऱ्याला दुरुस्त करत होती, म्हणजे गोष्ट कुणाची होती ते उघड होतं. ज्या दुपारी मी घरी नसायचे त्या दुपारी बाई आईला गोष्टी सांगत होत्या, आणि आई संध्याकाळी मला म्हणत होती, आठवली. अजून किती ठिकाणी बाईंनी तिला दुरुस्त केलं होतं, ते मला आता कळणार नव्हतं. ती सगळी वाक्यं मी स्वतःच्या हाताने, हूंच्या सोबत, कापली होती.

दोन दिवस मी काही केलं नाही. कामाची तारीख जवळ येत होती. 'बहुधा आजीकडून' असं लिहून टाकलं असतं तर कॅनडात कुणाला काय समजणार होतं. हा विचार मी बराच वेळ केला, तो इथे लिहिते. मग बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आ जाओ दीदी, दो बजे आ जाओ, दो बजे अम्मा सोते हैं."

मी सिटी बसने विजय नगरला गेले. सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहिलं. गार्डने विचारलं, "मैडम, काम?" मी म्हटलं, "बस, मिलना है." त्याने काम या रकान्यात 'पर्सनल' लिहिलं. बाई लिफ्टने खाली आल्या. मला बघून म्हणाल्या, "दीदी, आप तो सूख गए. खाते नी हो क्या?" आणि पदराखालून स्टीलची डबी काढून दोन मक्याच्या पानिया पुढे केल्या. पळसाच्या पानांत भाजलेल्या जाड भाकऱ्या. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. मी खाल्लं.

मी त्यांना कोर्सबद्दल सांगितलं. कॉम्प्युटरवर वर्ग भरतो, लोक आपापल्या गोष्टी सांगतात, मला आईची ऐकवायची आहे. मग विचारलं, ती गोष्ट तुमची ना?

"मेरी काहे की," बाई म्हणाल्या. "मेरी काकी की है. आईजी को दोपहर में नींद नी आती थी, तो मैं बोलती थी. मेरे बच्चों का मामा नी है, मेरे को क्या डर. आईजी को ये वाली पसंद थी. पण सांगता नाय यायची." एवढं त्या मराठीत म्हणाल्या, आईच्या स्वरात, आणि हसल्या. "हर बार गलत. कभी कड़े पेले, कभी बाल पेले."

मी फोन काढला आणि लावला. बाईंनी तो कानाशी धरला. पहिली दोन मिनिटं त्या मान हलवत होत्या. मग मान हलायची थांबली. पूर्ण सात मिनिटं ऐकून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मेरी आवाज कां गई?"

मी मामांच्या कानाच्या मशीनचं सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो आईजी ये किसको बोल रहे हैं?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं. त्या रागावल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्या दमलेल्या होत्या, मीही होते, आणि बाक उन्हात आला होता म्हणून आम्ही दोघी एक हात सरकून बसलो.

"और वो माँ," त्या म्हणाल्या. "कहानी में माँ नी है, दीदी."

"नाही?"

"नी. उसकी माँ तो पेले ही मर गई, इसीलिए तो उसको भेजा. दूसरे की लड़की को कोई नी भेजता. वो आग लेके आती है, सब अपने-अपने घर ले जाते हैं. रोटी बन जाती है. बस. कोई नी पूछता. मैंने आईजी को दस बार बोला, माँ नी है इसमें. बोले, असू दे गं, एक आई ठेव. मैंने बोला, ठेवा."

मी विचारलं, हे वर्गात ऐकवलं तर चालेल का. मी साखळीत तुमचं आणि काकीचं नाव लिहीन.

बाईंनी डबी पदराखाली ठेवली. मग म्हणाल्या, "ये वाली मत भेजो. लोग समझेंगे हमारे में ऐसी होती है. और नाम तो बिल्कुल मत डालना, काकी बोलेगी, मेरी कहानी बिगाड़ के शहर में दे आई." सच्ची वाली सांगू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "वो मेरे हाथ में नी है. भगोरिया में गाँव जाऊँगी, तब काकी को पूछूँगी." भगोरियाचे मेळे होळीच्या आधीच्या आठवड्यात असतात. काम त्याच्या आधी द्यायचं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

वर एका गॅलरीतून कुणीतरी बाईंना हाक मारली. अम्मा उठल्या होत्या. जाताना बाई म्हणाल्या, "आईजी की आवाज अच्छी आई है. रखो आप."

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. मी हिशेब लावत होते की त्या सात मिनिटांत माझ्या आईचं काय होतं. मुलगी तिची नाही, नदी नाही, कडी, केस, नाव नाही. शेवटची दोन वाक्यं तेवढी तिची, आणि ती चुकीची. नेमकी तीच वाक्यं बाहेर जायला नको होती. त्या वेळी मला वाईट वाटलं असं मी सांगू शकत नाही. मला झोप येत होती. माझा थांबा गेला आणि मी राजवाड्यापर्यंत जाऊन चालत परत आले.

शिकवणाऱ्या बाईंना मी चार ओळींचं पत्र लिहिलं. गोष्ट माझी नाही, माझ्या आईचीही नाही, जिची आहे तिला विचारायला अजून वेळ आहे, आणि माझ्याकडचं रेकॉर्डिंग मीच कापलेलं आहे. त्यांनी लिहिलं, वर्गाला येत राहा. माझी पाळी आली त्या सकाळी मी माइक सुरू केला आणि म्हणाले, मी गोष्ट आणलेली नाही. दहा मिनिटांतलं अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग पुढच्या माणसाने त्याच्या आजोबांच्या होडीची गोष्ट सांगितली. मी शेवटपर्यंत ऐकली.

होळीनंतर बाईंचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी होत होती. काकी म्हणाल्या होत्या, ज्यांना ऐकायची आहे त्यांनी पेरणी झाल्यावर गावी यावं, बसून ऐकावं. घेऊन जायची नाही. "फोन भी नी, दीदी. काकी ने दो बार बोला, फोन नी." मी म्हटलं, येईन. "गाड़ी खराब मिलती है उधर, झोला छोटा लाना," त्या म्हणाल्या. ही गोष्ट लोकांना ऐकवायची आईची फार इच्छा होती, असं काहीसं मी बोलायला लागले, पण ती इच्छा आईची नव्हती, माझी होती, म्हणून मी वाक्य मधेच सोडलं. बाईंनी पलीकडून "हूं" म्हटलं आणि फोन ठेवला.

कोर्स एप्रिलमध्ये संपला. मी अजून साडेपाचला उठते. झाबुआला अजून गेलेले नाही. फोनमध्ये सात मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात आईचा आवाज आहे. बाईंचा नाही.